रेप्लिकाचा फोटो छापता, तिचा सेटअपही छापा

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार,

जुन्या रेसिंग गाड्यांची रेप्लिका, म्हणजे हुबेहूब प्रतिकृती, बनवणाऱ्यांवर अधूनमधून पुरवण्यांमध्ये लेख येतात, वाचून खूप बरं वाटतं, पण जवळपास प्रत्येक लेख एकाच ठिकाणी येऊन थांबतो, रंग लागलेली चकचकीत गाडी आणि शेजारी उभा मालक. इंजिन किती लिटरचं, हॉर्सपॉवर किती, बॉडी मूळ गाडीशी किती जुळते हे सगळं असतं. पण ती गाडी ब्रेक मारल्यावर सरळ थांबते का, डाव्या आणि उजव्या वळणावर सारखीच वागते का, वेग वाढल्यावर तिचं नाक हलकं होतं का यावर एक ओळसुद्धा नसते. मी आणि माझे काही मित्र फोर्ड जीटी४० ची रेप्लिका बांधतोय, बघायला येणारे म्हणतात झाली की गाडी, आता काय राहिलं, आणि आम्ही म्हणतो की बॉडी बसली, इंजिन सुरू झालं म्हणजे आत्ताशी अर्धं काम झालंय, सेटअप, म्हणजे चाकं, स्प्रिंग, ब्रेक हे सगळं मोजून जुळवणं, अजून पुढंच आहे. हे पत्र त्या उरलेल्या अर्ध्या कामाबद्दल आहे. थोडं लांबलंय, पण शक्य झालं तर सगळं छापा.

मूळ गाडीचीच गोष्ट बघा ना. १९६३ मध्ये फेरारी कंपनी विकत घ्यायचा फोर्डचा व्यवहार अगदी शेवटी फिसकटला आणि हेन्री फोर्ड दुसरे यांनी ठरवलं की फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत फेरारीला हरवायचंच. एरिक ब्रॉडली यांची लोला एमके६ जीटी ही गाडी समोर होती, तिच्यावरून सुरुवात झाली, रॉय लन, जॉन वायर ही मंडळी कामाला लागली, इंग्लंडमध्ये स्लाउला वर्कशॉप उभं राहिलं आणि १९६४ च्या एप्रिलमध्ये गाडी लोकांसमोर आली. उंची जेमतेम ४० इंच, त्यावरूनच नाव पडलं. दिसायला ती पहिल्या दिवसापासून सुंदर होती, आजही तिच्याइतकी देखणी रेसिंग गाडी मला दुसरी दिसत नाही. पण त्याच एप्रिलमध्ये ल मांला टेस्टिंगसाठी दोन गाड्या नेल्या तेव्हा लांब सरळ रस्त्यावर वेग वाढला की मागची बाजू हलकी व्हायची, गाडी इकडेतिकडे फिरायची, आणि दोन्ही गाड्या आपटल्या. नंतर गाडीच्या मागच्या कडेला स्पॉयलरची, म्हणजे हवेनं गाडी उचलू नये म्हणून उभी केलेली, एक बारकी पट्टी लावली तेव्हा गाडी जमिनीला धरून राहायला लागली. जूनच्या खऱ्या शर्यतीत तीन गाड्या उतरल्या, तिन्ही बाद, एकीला आग लागली आणि दोघींचे गिअरबॉक्स गेले. १९६५ ला सुद्धा ल मांला एकही जीटी४० शेवटपर्यंत पोचली नाही.

आता मधे काय झालं ते बघा, कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे. १९६४ च्या शेवटी रेसिंगचं काम कॅरोल शेल्बी यांच्या टीमकडे आलं आणि केन माइल्स या माणसानं ती गाडी चालवून चालवून सुधारायला घेतली. इंजिन बदललं, चाकं बदलली, बॉडीवर लोकरीचे धागे चिकटवून हवा नक्की कुठून आत जाते आणि कुठं अडकते ते पाहिलं, रेडिएटरला आणि ब्रेकला हवा नीट पोचेल असे मार्ग केले. बाहेरून बघणाऱ्याला गाडी जवळपास तीच दिसत होती. आणि १९६५ च्या फेब्रुवारीत डेटोनाची २००० किलोमीटरची शर्यत केन माइल्स आणि लॉइड रूबी यांनी तिच्यावर जिंकली, जीटी४० चा तो पहिला विजय. १९६६ ला ७ लिटर इंजिनच्या मार्क २ गाड्यांनी ल मांला पहिले तिन्ही नंबर घेतले, ब्रूस मॅक्लारेन आणि ख्रिस अॅमन विजेते. १९६८ आणि १९६९ ला तर १०७५ नंबरच्या एकाच चॅसीनं, म्हणजे एकाच सांगाड्याच्या गाडीनं, लागोपाठ दोनदा ल मां जिंकली, दुसऱ्यांदा जॅकी इक्स आणि जॅकी ऑलिव्हर होते आणि २४ तासांनंतर मागच्या पोर्शेमध्ये आणि यांच्यात अंतर होतं साधारण १२० मीटर. पाच वर्षं जुनं डिझाइन होतं हो ते, आणि समोर नवी कोरी पोर्शे ९१७ पण होती. त्यामुळं मूळ गाडीलाच जर नुसतं दिसण्यावरून धावता आलं नाही तर आपल्या रेप्लिकेला कसं येईल?

बांधणीबद्दल आधी थोडं लिहितो कारण सेटअपची मुळं तिथंच असतात. मूळ चॅसी पातळ स्टीलच्या पत्र्याची, घडवलेले भाग स्पॉट वेल्डनं जोडून केलेली, आणि दोन्ही बाजूंना दाराखालच्या जाड पट्ट्यांमध्ये (सिल) पेट्रोलच्या टाक्या. काही रेप्लिका आजही तशाच पत्र्याच्या होतात पण बरेच जण पाइपची फ्रेम वेल्ड करून वर फायबरची बॉडी घालतात. पाइपची फ्रेम कमी दर्जाची असं अजिबात नाही, फक्त ती पिळली जाता कामा नये. चॅसी पिळायला लागली की ती स्वतःच स्प्रिंगचं काम करायला लागते आणि मग तुम्ही स्प्रिंग बदला, अँटीरोल बार (वळणात गाडी झुकू नये म्हणून डावंउजवं चाक जोडणारी दांडी) जाड करा, गाडीला कळतच नाही, आज एक वागणं उद्या दुसरं. वेल्डिंगच्या वेळी फ्रेम जिगमध्ये, म्हणजे पक्क्या साच्यात, घट्ट बांधून ठेवायची, थोडं या बाजूला थोडं त्या बाजूला असं करत जायचं, एकाच बाजूनं सलग वेल्ड ओढत नेला की उष्णतेनं फ्रेम वाकते. मग कर्ण मोजायचे, सस्पेन्शनचे आर्म जिथं बसतात ते सगळे पॉइंट मधल्या रेषेपासून डावीउजवीकडं मोजायचे, हे रंग देण्याच्या आधी. रंग दिल्यावर कोणी कापाकापी करत नाही, मनच होत नाही.

बॉडीची तर लोकांना फार घाई असते. आख्खा पुढचा भाग आणि आख्खा मागचा भाग उचलला जातो अशी ही बॉडी, दारं छतात आतपर्यंत कापलेली, त्यामुळं एक सांधा हलला की सगळ्या फटी बिघडतात. आधी सस्पेन्शन, खरी चाकं, खरे टायर लावून गाडी जेवढ्या उंचीवर चालणार त्या उंचीवर उभी करायची, मग बॉडी ठेवून चाक कमानीच्या मधोमध येतं का बघायचं. उलटं केलं तर कमानीला चाक जुळावं म्हणून नंतर गाडीची उंचीच बदलतात लोक, म्हणजे दिसण्यासाठी सस्पेन्शनची सगळी भूमिती घालवायची, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

गिअरबॉक्सचं प्रकरण मजेशीर आहे. मूळ गाडीत आधी कोलोटीचा होता, तो टिकेना म्हणून झेडएफचा आला. झेडएफ आता सहजी मिळत नाही म्हणून बरेच रेप्लिकावाले पोर्शे ९११ चा घेतात. पण ९११ मध्ये इंजिन गिअरबॉक्सच्या मागं असतं आणि जीटी४० मध्ये पुढं, त्यामुळं तो तसाच फिरवून लावला तर पुढं जायला एकच गिअर आणि मागं जायला उरलेले सगळे! म्हणून तो उलटा, पोट वर करून बसवतात किंवा चाकांकडे ताकद वळवणारं आतलं मोठं दातेरी चाक (क्राऊन व्हील) दुसऱ्या बाजूला घेतात. उलटा बसवला की ऑईल कुठवर भरायचं, हवा जायचं भोक कुठं ठेवायचं, सगळं नव्यानं ठरवावं लागतं. लेखात मात्र एवढंच येतं की गिअरबॉक्स पोर्शेचा.

सायलेन्सरच्या त्या गुंतलेल्या पाइप, ज्यांचे फोटो सगळे काढतात, त्यांनाही कारण आहे. या व्ही८ मध्ये एका बाजूच्या चार सिलिंडरचे स्फोट सारख्या अंतरानं होत नाहीत, दोन जवळ जवळ येतात मग मोठी फट पडते. म्हणून डावीकडच्या दोन आणि उजवीकडच्या दोन पाइप एकत्र आणल्या की प्रत्येक जोडणीत दर १८० अंशांवर एक धक्का येतो आणि धूर सुरळीत बाहेर ओढला जातो, आवाजही त्यामुळंच वेगळा. पाइपांची लांबी शक्य तितकी सारखी पाहिजे आणि त्या इंजिनवरून एकमेकींना ओलांडून न्यायच्या म्हणजे सगळी उष्णता तिथंच साठते, आसपासची वायर, ब्रेकच्या नळ्या, गिअर बदलायची दांडी सगळ्याला कवच द्यावं लागतं.

कूलिंग. रेडिएटर नाकात, इंजिन पाठीमागं, मधे लांबलचक पाइप, त्यामुळं पाण्यात कुठंतरी हवा अडकतेच आणि गाडी उभी असताना थंड दिसते आणि दहा मिनिटं पळवली की काटा वर. पाण्याची टाकी सगळ्यात उंच जागी पाहिजे, रेडिएटरच्या वरच्या टोकाला हवा सोडायची जागा पाहिजे, आणि रेडिएटरच्या चारही बाजूंनी फटी बंद पाहिजेत, कारण हवा सोपी वाट शोधते, फट दिसली की बाजूनं जाणार, रेडिएटरमधून कशाला जाईल.

आता सेटअप. इथं मी जरा रेंगाळणार आहे.

पहिलं म्हणजे जमीन. जिथं गाडी उभी करून मोजणार ती जागा लेव्हलमध्ये पाहिजे, नसेल तर चाकांखाली पातळ पत्रे घालून चारही जागा एका लेव्हलला आणायच्या. टायरमध्ये हवा ठरल्याप्रमाणं, टाकीत पेट्रोल ठरलेलं, आणि सीटवर ड्रायव्हर नाहीतर त्याच्याइतकं वजन. या गाडीत ड्रायव्हर उजवीकडं बसतो, रिकामी गाडी मोजून काढलेल्या आकड्यांना काही अर्थ नाही. अँटीरोल बार एका बाजूनं सोडून ठेवायचा नाहीतर तोच एका चाकावरून दुसऱ्यावर भार ढकलत राहतो.

मग चार चाकांखाली चार वजनकाटे. समजा ड्रायव्हरसकट गाडी ११०० किलो भरली, पुढं डावीकडं २४० आणि उजवीकडं २२०, मागं डावीकडं ३१० आणि उजवीकडं ३३०. डाव्या उजव्या बाजूची बेरीज केली तर दोन्हीकडं ५५०, अगदी समान, वरवर बघणारा म्हणेल की झक्कास. पण तिरकं बघा, पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ५३०, आणि दुसरा कर्ण ५७०. म्हणजे गाडी एका कर्णावर जास्त टेकलीय, पाय कमीजास्त असलेल्या टेबलासारखी, फक्त स्प्रिंगमुळं ते डुगडुगताना दिसत नाही. अशी गाडी एका बाजूच्या वळणावर नाक बाहेर काढते आणि दुसऱ्या बाजूच्या वळणावर मागून सुटते, ब्रेक जोरात मारला की पुढचं हलकं चाक आधी लॉक होतं, आणि ड्रायव्हर बिचारा समजतो आपलंच चुकतंय. स्प्रिंगखालची रिंग फिरवून एखादा कोपरा वर केला की त्या चाकावर आणि तिरक्या समोरच्या चाकावर भार वाढतो, बाकीच्या दोघांवरचा कमी होतो. असं करत करत पुढची दोन्ही २३० आणि मागची दोन्ही ३२० वर आणली की दोन्ही कर्ण ५५०. लक्षात घ्या, पुढची बेरीज ४६० होती ती ४६० च राहिली आणि मागची ६४० ती ६४०. रिंग फिरवून पुढचं वजन मागं नेता येत नाही, डावीकडचं उजवीकडं नेता येत नाही, त्यासाठी बॅटरी, आग विझवायचं सिलिंडर, अशा जड वस्तूच हलवाव्या लागतात, आणि ते चॅसी बांधतानाच ठरवलेलं बरं.

यानंतर बंप स्टिअर, आणि माझ्या मते रेप्लिकांमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते याच गोष्टीकडं. चाक खड्ड्यात खाली गेलं किंवा उंचवट्यावर वर आलं की स्टिअरिंग स्थिर असूनही ते चाक स्वतःहून आत किंवा बाहेर वळतं, याला बंप स्टिअर म्हणतात. कारण काय तर टायरॉड (स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणारी दांडी) आणि सस्पेन्शनचे आर्म वेगवेगळ्या कमानीत फिरतात. बरेच जण दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा स्टिअरिंग रॅक, म्हणजे टायरॉड डावीउजवीकडं सरकवणारा दांडा, घालतात, तो थोडा लांब नाहीतर थोडा वर बसला की झालं. मोजायचं कसं, स्प्रिंग काढून ठेवायची, स्टिअरिंग मधोमध बांधून टाकायचं, चाकाच्या जागी सपाट प्लेट लावायची, प्लेटच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला एकेक डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक), आणि जॅकनं थोडं थोडं वर खाली करत दोन्ही गेजमधला फरक वहीत लिहायचा. मग रॅकची उंची किंवा टायरॉडच्या बाहेरच्या टोकाची उंची वॉशर घालून बदलायची आणि परत पहिल्यापासून मोजायचं. कंटाळवाणं आहे, फोटो काढण्यासारखं यात काहीच नाही, पण यातनं गेलेली गाडी खडबडीत रस्त्यावर वेगात सरळ जाते आणि न गेलेली गाडी ड्रायव्हरला सतत भांडायला लावते. आणि मागच्या चाकांचंही असंच मोजावं लागतं बरं का, जीटी४० ला मागं लांब ट्रेलिंग आर्म, म्हणजे चाकापासून पुढं चॅसीकडं जाणाऱ्या दांड्या, आहेत, ते दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखे नसतील तर गाडी मागून स्टिअरिंग केल्यासारखी वागते.

कॅम्बर, कॅस्टर, टो हे शब्द अलाइनमेंटच्या दुकानामुळं सगळ्यांना माहीत असतात, म्हणून थोडक्यात लिहितो. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाकाचा कल (वरचं टोक आत झुकलं की निगेटिव्ह), कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा बाजूनं दिसणारा कल, टो म्हणजे चाकं वरून बघताना आत किंवा बाहेर बघणं. मागची चाकं किंचित आत बघणारी पाहिजेत, बाहेर बघायला लागली की वळणात मागचं टोक कधी सुटेल याचा भरवसा नाही. कॅस्टर वाढवला की सरळ रस्त्यावर गाडी स्थिर राहते आणि स्टिअरिंग जड होतं. कॅम्बर मात्र कागदावरून ठरवता येत नाही, तो टायर सांगतो. काही फेऱ्या जोरात मारून लगेच थांबायचं आणि टोचायच्या थर्मामीटरनं टायरचं तापमान आत, मधे आणि बाहेर असं तीन ठिकाणी घ्यायचं, आतली कड फार तापली असेल तर निगेटिव्ह कॅम्बर जास्त झाला, बाहेरची तापली तर कमी पडला, मधला भाग जास्त गरम असेल तर हवा जास्त आहे.

आणि टायरवरून आठवलं, मूळ गाडीची सगळी भूमिती त्या काळच्या क्रॉसप्लाय, म्हणजे आत तिरक्या धाग्यांचे थर असलेल्या, टायरसाठी होती. त्या टायरना कॅम्बर कमी लागतो, ते थोडे घसरत घसरत जातात आणि सुटायच्या आधी ड्रायव्हरला सांगतात. आजचे चिकट रेडियल टायर लावले की पकड खूप वाढते, वळणात गाडी जास्त झुकते, आर्मवर, जॉइंटवर, बेअरिंगवर कितीतरी जास्त ताण येतो, मग कडक स्प्रिंग लागते, जाड अँटीरोल बार लागतो, आणि शेवटी साठच्या दशकातल्या गाडीचा स्वभावच जातो. माझं स्पष्ट मत आहे की ज्याला जुन्या रेसिंग गाडीची रेप्लिका पाहिजे त्यानं टायरसुद्धा जुन्या पद्धतीचेच घ्यावेत, ते आजही बनतात. वेग थोडा कमी मिळेल, पण केन माइल्सला हातात काय जाणवत असेल ते कळेल, आणि मला वाटतं त्यासाठीच आपण हे सगळं करतो.

स्प्रिंगबद्दल एक गैरसमज फार आहे, लोक स्प्रिंगवर छापलेला आकडा सांगतात आणि तोच चाकाचा धरतात. स्प्रिंग आर्मवर आतल्या बाजूला बसलेली असते, समजा चाक १० मिलिमीटर वर गेलं आणि स्प्रिंग ७ मिलिमीटर दबली, तर चाकाला स्प्रिंगच्या ताकदीच्या ०.७ पट नाही तर ०.७ चा वर्ग म्हणजे ०.४९ पट, जवळपास निम्मीच ताकद मिळते. म्हणून दुसऱ्याच्या गाडीतला स्प्रिंगचा आकडा आपल्या गाडीत उचलून घालायचा नाही, आर्मची मापं वेगळी असली की सगळं वेगळं. शॉकअप मऊ बाजूपासून सुरू करून एक एक क्लिक कडक करत जायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही शिस्त फार महत्त्वाची. उत्साहाच्या भरात हवा पण बदलली, स्प्रिंग पण बदलली आणि गाडी सुधारली, तर कशानं सुधारली ते कोण सांगणार? वही पाहिजे, तारीख, हवामान, आकडे सगळं लिहून.

ब्रेकला मूळ गाडीत सर्वो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा, नव्हता, पायाची ताकद थेट ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या दोन मास्टर सिलिंडरवर, एक पुढच्या ब्रेकचा एक मागच्या, आणि मधे बॅलन्स बार. तो बार फिरवून पुढं किती मागं किती ते ठरतं. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरते, म्हणून पुढची चाकं थोडी आधी लॉक होतील असं ठेवायचं, आणि हे मोकळ्या, बंद ट्रॅकवर कमी वेगापासून वाढवत वाढवत तपासायचं, रस्त्यावर अजिबात नाही.

वेगाबद्दलही तेच. हवेचा उचलणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, ताशी १०० ला जेवढा असेल त्याच्या चौपट २०० ला. त्यामुळं शंभरला छान वाटलेली गाडी दोनशेला छान असेलच असं नाही, १९६४ ला ल मांला तेच तर झालं होतं. नाकाची उंची मागच्यापेक्षा थोडी खाली ठेवायची, स्पॉयलर फक्त शोभेचा म्हणून काढून टाकायचा नाही. पहिल्या फेऱ्यांनंतर प्रत्येक बोल्टला टॉर्क रेंच लावायची, घट्ट केलेल्या बोल्टवर रंगाची रेघ मारून ठेवायची म्हणजे फिरला की लगेच दिसतो. आणि सुरक्षिततेचं सामान, म्हणजे बेल्ट, रोल केज (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा पाइपचा पिंजरा), बाहेरून बंद करता येणारा बॅटरीचा स्विच, टाकीच्या आत रबरी पिशवी, हे मूळ दिसणं बिघडतं म्हणून टाळणारे लोक आहेत. दोन्ही बाजूंना पेट्रोल आणि मधे माणूस अशी ही गाडी आहे, यात दिसण्याचा विचार करूच नये. १९६९ ला ल मांला जॅकी इक्स शर्यत सुरू होताना धावत जाऊन गाडीत बसायच्या पद्धतीचा निषेध म्हणून चालत चालत गाडीकडे गेले, बेल्ट नीट लावून सगळ्यात शेवटी निघाले, आणि तरी जिंकले.

ओळखीबद्दल एक छोटा मुद्दा. मूळ जीटी४० शंभराच्या आसपासच बनल्या, त्यामुळं रेप्लिका असणारच आणि असाव्यातच. खुद्द जॅग्वारनं १९५७ च्या आगीत गेलेल्या ९ एक्सकेएसएस गाड्या पुन्हा बांधायला घेतल्या, ठरलेल्या १०० पैकी राहून गेलेल्या २५ डी-टाइप रेसिंग गाड्या बांधायचं २०१८ मध्ये जाहीर केलं. मूळ कंपनी नव्यानं बांधते तिथं हौशी माणसानं लाजायचं काहीच कारण नाही. फक्त रेप्लिकावर जुन्या चॅसीचा नंबर ठोकायचा नाही, विकताना कुठला भाग नवा ते लिहून द्यायचं, आणि लेखातही पहिल्याच ओळीत रेप्लिका असं लिहायचं. यात गाडीचा मान कमी होत नाही, बांधणाऱ्याचा वाढतो, कारण मूळ गाडी कारखान्यातल्या लोकांनी बांधली आणि ही त्यानं स्वतः बांधलीय.

संपादक महोदय, पुढच्या वेळी अशा गाडीवर लेख कराल तेव्हा तुमच्या प्रतिनिधींना एवढंच विचारायला सांगा, चारही चाकांवर किती वजन आहे आणि ते ड्रायव्हरसकट मोजलंय का, बंप स्टिअर मोजला का, ब्रेक पुढं किती मागं किती, टायर कुठले, आणि शेवटचा बदल काय केला आणि का केला. उत्तरं फोटोखाली चार ओळींत मावतील. ज्यानं हे काम केलंय तो माणूस त्या चार ओळींनी किती खूश होईल याची तुम्हाला कल्पना नाही, आणि जो नुकता फ्रेम वेल्ड करायला घेतोय त्याला रंगाच्या आधी काय बघायचं ते कळेल. कोणी मोजलंच नसेल तर तसं लिहा, त्यात त्याचा अपमान नाही, पुढं कुठलं काम बाकी आहे ते त्याला समजेल. आमच्या गाडीचं बंप स्टिअरचं मोजमाप सध्या चालू आहे, ते आणि टायरच्या तापमानाचे आकडे हातात आले की तुम्ही म्हणाल त्या नमुन्यात पाठवून देईन.

आपला,
एक नियमित वाचक